नऊ मीटर

पुएर्तो सेनिसात वादळाला कुणी भीत नाही.
वादळ येतं, पत्रे उचकटतं, कुत्री घरात घ्यायला लावतं,
आणि मासळी-भुकटीच्या कारखान्याचं धुराडं
जागच्या जागी ताठ.
भीती त्या मधल्या वाऱ्याची,
कपडे वाळवायला बरा म्हणतात तसल्या,
कुणाशी न भांडता पश्चिमेहून येऊन जाणाऱ्या.
तो सुटला की धुराडं डुलायचं.
तेही वाऱ्याच्या ओघात नव्हे, आडवं,
वारा चाललाय पूर्वेला, हे उत्तर-दक्षिण,
नाही म्हणणाऱ्या मानेसारखं.

शिडीच्या कड्या खुळखुळायच्या.
पॅकिंगच्या टेबलावर बायकांचे सुरे थांबायचे.
"सुटला," एल्बा म्हणायची,
आणि कुणीतरी ओल्या हातानं रेडिओ उचलायचं:
परत फिरा.

मार्चमध्ये तळाचे दोन बोल्ट तडकले.

इवो क्रेसिच आला. आजोबा क्रोएशियाचे, बूट उसने.
पावतीच्या पाठीवर त्यानं मांडलं:
व्यास एक मीटर वीस, सेकंदाला दीड झोका,
भागिले शून्य पूर्णांक दोन.
उत्तर नऊ. सेकंदाला नऊ मीटर.
इथे एवढ्याला कुणी वारा म्हणत नाही.

"गोल खांब ओलांडताना वारा एक भोवरा डावीकडे सोडतो,
एक उजवीकडे. पुन्हा डावीकडे.
त्याचा ठेका खांबाच्या ठेक्याला मिळाला, की संपलं."
आई म्हणाली, "मग खांब जाड करायचा?"
"नाही. वाऱ्याचं एकमत मोडायचं."

माझी आई, नेलिदा उएन्चुल, वेल्डर,
अकरा दिवस दोरावर लोंबकळत होती.
पोलादाच्या तीन पट्ट्या, बारा सेंटिमीटर रुंद,
वरच्या दहा मीटरांत स्क्रूच्या आट्यांसारख्या चढत गेलेल्या,
वेणीचे तीन पेड,
पण एकमेकांना कधीच न भेटणारे.
ना मोटर, ना तेल, ना वजन.
खालून मला फक्त ठिणग्या दिसायच्या
आणि तिचा डावा बूट.
वादळ आता जास्त रेटेल, इवोनं आधीच बजावलं होतं,
म्हणून तळाला सहा नवे बोल्ट, माझ्या मनगटाएवढे.

एप्रिलच्या चार तारखेला तो वारा सुटला.
प्रत्येक उंचीवर त्याचा भोवरा वेगळ्या वेळी तुटला,
आणि धुराडं, जणू कुणी हाकच मारली नाही.
मालकानं एक मेंढी कापली.
आईनं दोनदा वाढून घेतलं.

सहा तारखेला एउसेबियोची नाव फिरली नाही.
टेबलावर सुरे चालूच होते,
खुळखुळ नव्हती, कुणी मान वर केली नाही.
नाव रात्री आली. डेकवरचे सगळे क्रेट गेलेले,
एउसेबियोचं मनगट भलत्याच कोनात.
बंदराच्या कचेरीत वारा मोजणारं यंत्र आहे,
हो, आहे. टाळ्यात आहे.

एल्बा दारात आली. आवाज चढवला नाही,
उधारीचा हिशेब सांगावा तशी म्हणाली,
"नेलिदा, तू त्याला मुकं केलंस."

आई त्या रात्री जेवली नाही.
इवोला फोन लावला, बराच वेळ नुसतं हं, हं.
मग अंगणातून पाच सेंटिमीटरचा नळ शोधला, उघडाबोडका,
आणि पॅकिंगच्या छपरावर शिकंज्यात उभा आवळला.

पहिल्यांदा तो सातालाच घुमला.
दोन दिवस नावा उगाच परतल्या, आणि आईला शिव्या पडल्या
स्पॅनिशमध्ये, आणि थोड्या आमच्या मापुचे भाषेतही.
तिनं वीतभराला थोडा कमी कापला. ऐकत बसली.
उरला अडीच हात.

आता नऊला तो घुमतो,
कानापेक्षा छातीत जास्त.
सुरे थांबतात. एल्बा म्हणते, "सुटला."
मागे धुराडं आपल्या तीन पेडांत गप्प उभं असतं.

परवा रंगारी आला, त्यालाही एखादी पट्टी मारू का म्हणाला,
गंज लागणार नाही.
आई शिडीवरून अर्धी खाली आली होती, ती परत वर चढली.
"याला," नळावर हात ठेवून म्हणाली,
"याला काहीही गुंडाळायचं नाही."